‘पलिष्टी’ या नावाचा मूळ अर्थ काय?

प्रश्न (खानापूर) : आमच्या उपासनेत कोणी मराठी शास्त्र (बायबल) उघडतो, कोणी कन्नड; इस्राएलशी लढणाऱ्या त्या प्राचीन लोकांना एकात ‘पलिष्टी’, दुसऱ्यात ‘फिलिष्टिय’ म्हटले आहे. मूळ हिब्रू ‘पलिश्तीम’चा अर्थ ‘स्थलांतर करणारे’ असा सांगतात, तो ग्राह्य धरावा का?

उत्तर (बेळगाव) : तो अर्थ ‘प-ल-श’ या धातूवरून लावतात, परंतु शास्त्रात, उदाहरणार्थ यिर्मया ६:२६ मध्ये, तो धातू राखेत लोळण्यासाठी येतो. शिवाय मिसरचा (इजिप्तचा) राजा तिसरा रामसेस याच्या मेदिनेत हाबू येथील मंदिरातल्या लेखांत, म्हणजे इ.स.पू. १२ व्या शतकात, मिसरवर चालून आलेल्या लोकांमध्ये ‘पेलेसेट’ हे नाव आहे. त्यामुळे हे नाव त्या लोकांनीच सोबत आणले असावे आणि हिब्रू व्युत्पत्ती मागाहून जोडली गेली असावी, असे माझे मत आहे.

उत्तर (निपाणी) : सहमत आहे. सप्तती या हिब्रू शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र शास्ते या पुस्तकापासून पुढे बहुतेक ठिकाणी ‘अलोफुलोई’, म्हणजे परक्या वंशाचे, एवढेच म्हटले आहे, आणि हे मला मनापासून खटकते. कारण आमोस ९:७ मध्ये मिसरातून इस्राएल आणि कफतोर या ठिकाणाहून पलिष्टी, या दोघांनाही आणणारा परमेश्वर एकच आहे.