मदत हवी आहे: कॉर्फ कॅसल, आईचे गुडघे आणि बाबागाडी

आईबाबा साताऱ्याहून आलेत, पुढच्या शनिवारी साउथॅम्प्टनहून गाडीने डॉर्सेटमधल्या कॉर्फ कॅसलला जायचं चाललंय. सोबत दीड वर्षाची मुलगी. बाबा जाम खूश आहेत, १६४६ मध्ये, तिथल्या यादवी युद्धात, राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटवाल्यांनी हा किल्ला सुरुंग लावून उडवला म्हटल्यावर म्हणे, म्हणजे इंग्रजांनी आधी घरचेच किल्ले पाडून हात साफ केला होता तर! ते वरपर्यंत चढतील, त्यांची काळजी नाही.

प्रश्न आईचा आहे. सपाटीवर ती बऱ्यापैकी चालते पण उतारावर गुडघे लागलीच बोलायला लागतात, काठी आणलीये ती वापरायला लाजते. किल्ला सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट संस्थेच्या साईटवर चढ आहे, जमीन ओबडधोबड आहे एवढंच कळतं आणि यूट्यूबवर सगळे ड्रोन उडवतात, पायाखालचा रस्ता कोणी दाखवतच नाही. बाबागाडी गाडीतच ठेवून मुलीला कॅरियरमध्ये घेणार, ते ठरलंय. व्हीलचेअर नको, आई बसणारच नाही.

कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा, तिकीट दाखवून आत गेल्यावर खालच्या मोठ्या पटांगणातून तो खचलेला नैऋत्य दरवाजा आहे ना तिथपर्यंत चढ कितपत आहे, मध्ये टेकायला बाक आहेत का, की तिला सरळ गावातल्या टीरूममध्येच बसवू? आणि किल्ल्याखालच्या पार्किंगपेक्षा जवळच्या नॉर्डन स्टेशनला गाडी लावून स्वानेज रेल्वेच्या वाफेच्या गाडीने एक स्टेशन आलो तर तिचं चालणं कमी होईल की उलट वाढेल?