खडी मारलेल्या जुन्या भिंतीवर नवा गिलावा बसंल का?

अंबाजोगाईकर:
नमस्कार मंडळी. घर वडिलांनी १९८९ ला बांधलेलं. तेव्हा आमच्या गल्लीत बाहेरून खडी मारायची टूम होती. ओल्या मालावर बारीक खडी मुठीनं फेकायची, तसल्या भिंती. मी तेव्हा चौथीत. मी अन् बहीण खडी चाळून हौदात धुवायचो, पाटीला चार आणे मिळायचे. आता तीच खडी गळायलीय. अंगण झाडलं की रोज मूठभर निघते. पश्चिमेच्या भिंतीला आतून ओल हाये, दोन पावसाळे झाले, रंगाचे पोपडे पडायलेत.

तीन मिस्त्री आणून दाखवलं. एक म्हणला वरूनच मारू, खडीनं उलट पकड भारी येते. दुसरा म्हणायलाय सगळं पाडून विटा उघड्या करा. तिसऱ्यानं भिंतीकडं न बघताच भाव सांगितला. काम साडेसहा ब्रास, म्हणजे साडेसहाशे चौरस फूट भरतं. दिवाळीआधी आटपायचंय. कोणाचं ऐकावं?

थापीवाला, सेलू:
दादा, एकतीस वर्षं थापी चालवतोय. आधी हातोडीच्या दांड्यानं भिंत वाजवत फिरा, हातात खडू ठेवा. खणखण वाजलं तर जुना गिलावा विटेला धरून हाये. बद्द वाजलं तिथं खडूनं गोल काढा, तेवढं विटेपर्यंत पाडायचंच. खिडकीच्या खाली अन् छज्ज्याच्या कडेला हटकून बद्द वाजतं बघा.

तुमचा पहिला मिस्त्री अर्धा खरा बोलला. पकड येते, पण ती खड्याला येते, अन् खडाच हलत असंल तर? २०११ ला मी स्वतः ही चूक केलीय. एका मास्तरांच्या घराला खडीवरूनच मारला. संक्रांतीपर्यंत भिंत आरशासारखी. मे महिन्यात भर दुपारी फोन आला, परातीएवढा पापुद्रा सुटून तुळशी वृंदावनावर पडला. मास्तर काही बोलले नाहीत, चहा पाजला. त्याचीच जास्त लाज वाटली. पदरचं सिमेंट घालून पुन्हा केलं.

वजनाचा हिशेब कोणी सांगत नाही. १२ मिलिमीटरचा थर धरला तरी एका ब्रासला सव्वादोनशे किलोच्या आसपास माल चढतो. तुमच्या साडेसहा ब्रासला दीड टनाच्या जवळ. एवढं ओझं त्या हलत्या खड्यांनी पेलायचं.

म्हणून छन्नीनं खडी खरवडून काढा. घट्ट बसलेली राहू द्या. तारेच्या ब्रशनं शेवाळ अन् धूळ घासा, भिंत धुवा. मग सिमेंट एक, जाड वाळू तीन, पातळ कालवून थापीनं नुसतं फेकायचं. रंधा लावायचा नाही, खरबरीतच ठेवायचं. ते ओलं ठेवून दुसऱ्या दिवशी गिलावा, एकास चार. खोलगट जागा आधी भरून घ्या. एका दमात १५ मिलिमीटरच्या वर गेलात की माल खाली बसतो अन् आडव्या भेगा पडतात. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू घेतली तर हातावर चोळून बघा, दगडाचं पीठ जास्त लागलं तर गाडी परत पाठवा.

नांदेडची सिव्हिलवाली:
काकांशी सहमत, दोन गोष्टी जोडते. ओल आधी शोधा. पश्चिमेची भिंत म्हणजे पावसाचा मारा आहेच, पण गच्चीच्या कठड्याच्या माथ्यावर भेग आहे का बघा. पाणी तिथून शिरत असेल तर नवा गिलावा दोन वर्षांत आतून फुगेल.

दुसरं, ‘मजबूत हवं’ म्हणून मिस्त्री सगळीकडे एकास तीन करतो म्हणाला तर नको म्हणा. जास्त सिमेंटचा थर जास्त आक्रसतो आणि खालच्या कमजोर थराला ओढून सोडवतो. विटा आणि बीम मिळतात तिथे कोंबडी जाळी ठोका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा असतील तर मात्र ते काळ्या मातीतल्या पायाचं दुखणं असू शकतं, ते आधी कुणाला तरी दाखवा.

ऑक्टोबरच्या उन्हात गोणपाट ओले करून लावा, किमान सात दिवस पाणी. बोअरचं पाणी खारट असेल तर माल कालवायला टँकरचं घ्या, नाहीतर भिंतीवर पांढरं फुटतं.

अंबाजोगाईकर:
आज वाजवून बघितलं. पश्चिमेची भिंत निम्म्याहून जास्त बद्द वाजली, तिथली सगळी खडी काढायची ठरवली. बाकी दोन्हीकडं खिडक्यांपुरतंच. कठड्यावर बोट जाईल एवढी भेग सापडली ताई! इतकी वर्षं आम्ही नळाच्या पाइपाला शिव्या घालत होतो.

एक अडचण हाये. दारावर वडिलांनी काळ्या खड्यांनी १९८९ लिहिलंय. आई म्हणते, बाकी काय पाडायचं ते पाडा, ह्याला हात लावायचा नाही. तेवढं ठेवता येतं का?

थापीवाला, सेलू:
खणखण वाजलं तर बिनधास्त ठेवा. भोवती ग्रायंडरनं सरळ चौकट कापा, नवा गिलावा तिथंच थांबवून मधी बोटाएवढी खाच सोडा, म्हणजे जोडावर भेग दिसणार नाही. वरून पाणी येऊ नये म्हणून छोटी पट्टी काढा.

बद्द वाजलं तर तुम्ही काही बोलू नका. हातोडी आईच्या हातात द्या, त्यांना ऐकू द्या.