नोटरीवरचा भाडेकरार पुरेसा नाही

दादा, लातूरचा फ्लॅट विद्यार्थ्यांना द्यायचाय तर बाँडवर नोटरी करून भागणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसली की वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरतात. ते खोडायचं काम तुमचं. शिवाय ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) नोंदवलेलं असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी सरकारनं नेमलेला अधिकारी) ताबा मागता येतो, अडवून धरलेल्या काळाला दुप्पट भाडंही.

अकरावी-बारावीची पोरं बहुतेक कायद्यानं अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची असतात, म्हणून करार पालकाच्या नावे करा. आणि उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण भरणार, हे करारात लिहाच. आपल्याकडं भांडण तिथंच पेटतं.