कंबरदुखीसाठी कायरोप्रॅक्टरकडे नक्की किती वेळा जावं लागतं?

एडिसनकर:
मंडळी, मी न्यू जर्सीत असतो, आयटीत, दिवसभर खुर्चीतच. गेल्या महिन्यात गाडीच्या डिकीतून तांदळाची गोणी काढताना कंबरेत उसण भरली ती अजून पूर्ण गेली नाहीये, पाय वगैरे दुखत नाही पण सकाळी मोजे घालायला वाकलं की कळ येते. ऑफिसमधल्या एकाच्या सांगण्यावरून कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणक्यांना झटका देऊन उपचार करणारे) गेलो, ॲडजस्टमेंट म्हणजे तो झटका दिला की तेवढा दिवस मोकळं वाटतं. आता ते एक्सरे दाखवून म्हणतात मणका सरकलाय, आठवड्यातून ३ वेळा असं ३ महिने या, पैसे आगाऊ भरलेत तर डिस्काउंट. इन्शुरन्स थोड्याच व्हिजिट देतोय, बाकी खिशातून. खरंच एवढं लागतं का?

फिजिओताई_पुणे:
दादा, आगाऊ पैसे भरू नका. मॅनिप्युलेशनने, म्हणजे याच झटक्याच्या उपचाराने, फायदा होतो, नाही असं नाही, पण ३६ वेळा कशाच्या जोरावर सांगतायत ते विचारा. तुमच्या अमेरिकेतच २०१४ साली यावर अभ्यास आलाय, जुनाट कंबरदुखीचे ४०० लोक घेतले, सहा आठवड्यांत कुणाला ६, कुणाला १२, कुणाला १८ वेळा मॅनिप्युलेशन दिलं, कुणाला एकदाही नाही. १२ वाल्यांना त्यातल्या त्यात बरं वाटलं, १८ ने आणखी काही पदरात पडलं नाही, आणि मुळात गटागटांतला फरकही लहानच होता. तुमचं दुखणं तर नवीन आहे, अशी उसण बऱ्याचदा काही आठवड्यांत आपली आपण ओसरते.

एक्सरेचं मनावर घेऊ नका. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआय-सीटीमध्येसुद्धा विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के जणांच्या डिस्कची (मणक्यांमधल्या चकतीची) झीज दिसते. आणि तो कट्ट आवाज म्हणजे मणका जागेवर बसला असं नाही, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते त्याचा आवाज असतो तो.

मी काय करेन, तर दोन-तीन आठवडे जाऊन बघेन आणि मोजे घालताना किती दुखतं त्यावरच ठरवेन. त्या दिवशीचं मोकळं वाटणं धरायचं नाही, आठवड्यामागे आठवडा कळ कमी होतेय का ते बघायचं. होत नसेल तर बंद. सोबत चालणं आणि व्यायाम हवाच, ब्रिटनच्या २०१६ च्या गाईडलाईनमध्येही हाताने करायचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच सांगितलेत, नुसते नाही.

आणि हे सगळ्यांसाठीच, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली तर कुणाकडे ॲडजस्टमेंट नाही, तडक इमर्जन्सीत.

सांगलीची_लेक:
ताईंशी सहमत, पण एक बाजू राहतेय. माझी कंबर वर्षातून चार वेळा धरायची, आता मधूनमधून कायरोकडे जाते तर बरीच सुसह्य आहे. स्वीडनमध्ये २०१८ ला अशा वारंवार दुखणाऱ्या लोकांवर अभ्यास झाला, ठरवून मधूनमधून जाणाऱ्यांना वर्षभरात त्रासाचे दिवस साधारण १३ ने कमी आले. पण त्यात घेतले होते ते पहिल्या काही भेटींतच फरक पडलेले लोक. म्हणजे आधी गुण येतोय का बघा, मग पुढचं. सासऱ्यांना मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी विमा) आहे, ते मेंटेनन्सच्या, म्हणजे अशा ठरवून मधूनमधून जायच्या, भेटींचे पैसे देत नाही, तेही लक्षात असू द्या.

एडिसनकर:
धन्यवाद ताई. पॅकेज नको म्हणून आजच कळवतो. ते दरवेळी मानेलाही झटका देतात, ते चालेल का?

फिजिओताई_पुणे:
दुखतेय कंबर, तर मानेला हात लावायचं कारण काय? मानेच्या झटक्यानंतर तिथली रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत, क्वचित का होईना. स्पष्ट सांगा, मान करायची नाही. ऐकलं नाही तर दुसरीकडे जा.