'फिंगरहूट': बोटाची टोपी की बोटाची झोपडी?

रंकाळाकाठ (कोल्हापूर): शिवणकामातल्या अंगुस्तानाला जर्मनमध्ये 'फिंगरहूट' म्हणतात. आमच्या अभ्यासगटात यावरून दोन तट पडलेत. 'हूट' म्हणजे टोपी, की इंग्रजी 'हट'सारखी झोपडी? आणि 'आउफ डेअर हूट', म्हणजे सावध, यातला 'हूट' तोच का?

मुळाक्षर: टोपीच. झोपडीला 'ह्युट्ट' असा वेगळा शब्द आहे. टोपीचं जुनं रूप 'हुओट', त्यातल्या 'उओ'चा पुढं दीर्घ 'ऊ' झाला. इंग्रजीतलं भावंड शोधायचं तर 'हट' नव्हे, 'हुड'. इंग्रजी 'ड'च्या जागी जर्मन 'ट' येतो: 'डे'–'टाग', 'डोअर'–'ट्यूर', तसंच हे.

सावधपणाचा 'हूट' मात्र स्त्रीलिंगी, टोपीचा पुल्लिंगी. इथंच बरेचजण फसतात, कारण 'आउफ डेअर हूट'मधला 'डेअर' (नामाआधी येणारं, लिंग दाखवणारं उपपद) पुल्लिंगी वाटतो. तो स्त्रीलिंगाच्या चतुर्थीचा आहे. मूळ दोघांचं एकच: झाकणं, राखणं. मेंढरं राखणं यालाही 'ह्यूटन' हेच क्रियापद. त्यामुळं 'बोटाची टोपी' हा अर्थ बरोबर असला तरी आत 'बोटाची राखण' दडलीय, आणि सुई टोचू नये म्हणून घालायच्या वस्तूला ती जास्त शोभते.

टाचणी: उच्चाराचं बघा. 'फिंगर'मध्ये 'ग' स्पष्ट म्हणायचा नाही, 'वाङ्मय'मधला ङ आणायचा. जोर पहिल्या अक्षरावर. समासाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं, म्हणून 'डेअर फिंगरहूट', अनेकवचन 'डी फिंगरह्यूटं'. शिंपी वापरतात त्या वरून उघड्या कड्याला 'नेरिंग' म्हणतात, म्हणजे शिवणाची अंगठी.

मुळाक्षर: मराठीकडंही बघा की. 'अंगुस्तान' फारसी 'अंगुश्ताना'वरून आलं. 'अंगुश्त' म्हणजे बोट, आणि संस्कृत 'अंगुष्ठ' त्याचंच भावंड. इंग्रजी 'थिंबल' अंगठ्याच्या 'थम'वरून.

रंकाळाकाठ: वाद मिटला, आभार! एका बागकामाच्या लेखात 'रोटर फिंगरहूट' आलंय. लाल अंगुस्तान?

टाचणी: नाही, ती वनस्पती आहे. फुलं बोटात घालावीत अशा आकाराची, म्हणून हे नाव. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्सनं 1542 मध्ये या जर्मन नावावरूनच लॅटिन 'डिजिटॅलिस' बेतलं. 'डिजिटुस' म्हणजे बोट. हृदयविकारावरचं डिगॉक्सिन हे औषध याच कुळातल्या एका जातीपासून मिळतं. झाड मात्र पानाफुलांसकट विषारी, तेव्हा भाषांतरात 'विषारी' हा शब्द गाळू नका.