सरप्राइज: अख्खी टर्न जावी की नुसता नंबर मागे जावा?

सहाबाजू:
डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ आणि २०२४ असे दोन्ही नियम सध्या खेळले जातात, आणि सर्वात जास्त वाद होतो तो सरप्राइजवर, म्हणजे लढाई सुरू होताना कुणी बेसावध सापडला तर काय, यावर. २०१४ प्रमाणे बेसावध सापडलेल्याला पहिल्या टर्नमध्ये (पाळीत) हलता येत नाही, ॲक्शन घेता येत नाही, आणि ती टर्न संपेपर्यंत रिॲक्शनही (घटनेला द्यायचं झटपट उत्तर) मिळत नाही. २०२४ मध्ये त्याने फक्त इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम ठरवणारा फासा) डिसॲडव्हान्टेजने टाकायचा, म्हणजे दोन डी२० (वीस बाजूंचे फासे) टाकून कमी आकडा धरायचा. एवढंच.

माझं मत नव्या नियमाच्या बाजूने. बहुतेक लढाया तीन-चार राउंडमध्ये निकाली निघतात. त्यातला एक राउंड फुकटात वाटला की पुढे खेळायला उरतं काय? चार पात्रांनी ड्रॅगनला झोपेत गाठलं आणि इनिशिएटिव्हमध्ये तो शेवटचा आला, तर पहिल्या राउंडच्या चार टर्न, मग त्याची वाया गेलेली टर्न, मग पुन्हा चार. स्वतःच्या टर्नला पहिल्यांदा काही करण्याआधी त्याने आठ टर्न सोसलेल्या असतात. लेजेंडरी ॲक्शन्सही (इतरांच्या टर्ननंतर त्याला मिळणाऱ्या जादा ॲक्शन्स) वाया गेलेली टर्न संपेपर्यंत बंद.

उलट बाजूने बघा. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे (जादूगाराकडे) सात हिट पॉइंट्स, म्हणजे तेवढं नुकसान झालं की तो आडवा. गॉब्लिनच्या बाणाचं नुकसान १डी६+२, म्हणजे सहा बाजूंचा एक फासा अधिक २. दोन लागले की बहुधा आडवा, आणि खेळाडूने तोवर इनिशिएटिव्हखेरीज एक फासाही टाकलेला नसतो.

सावलीतला:
असहमत. दबा धरायचा म्हणजे आधी जागा हेरायची, उजेड बघायचा, चिलखतवाल्याला मागे ठेवायचं आणि स्टेल्थ (लपण्याचा फासा) टाकायचा. हे सगळं जमल्यावर नवा नियम म्हणतो, आता पुन्हा एक फासा टाका, बघू. समान मॉडिफायर (फाशात मिळवायचे आकडे) धरले, तर साधा डी२० टाकणाऱ्याच्या आधी डिसॲडव्हान्टेजवाला येण्याची शक्यता जवळपास ३१ टक्के आहे (बरोबरीचे ५ टक्के वेगळे). म्हणजे दर तीन-चार वेळांतून एकदा, ज्याला कशाचाही पत्ता नाही असा पहारेकरी माझ्या आधी हालचाल करणार. मग स्टेल्थ टाकला कशाला?

सहाबाजू:
गणित अर्धंच केलंत. २०२४ मध्ये नीट लपलेला, म्हणजे पुरेशा आडोशाला राहून स्टेल्थमध्ये किमान १५ गाठलेला, इनव्हिजिबल धरला जातो आणि त्याला इनिशिएटिव्हवर ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा) मिळतो. एकाला ॲडव्हान्टेज, दुसऱ्याला डिसॲडव्हान्टेज असं धरलं की पहारेकरी आधी येण्याची शक्यता १५ टक्क्यांवर येते. तुमचे ३१ टक्के लागू होतात ते उघड्यावर उभं राहून फसवणाऱ्याला, उदाहरणार्थ भिकाऱ्याच्या वेषातल्या मारेकऱ्याला.

आणि पहारेकरी आधी आला तरी तो करणार काय? तुम्ही कुठे आहात हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या हातून थेट तुमच्यावर हल्ला करवणारा डीएम (खेळ चालवणारा) चुकतो आहे. कानोसा घेऊन सर्च करेल, फार तर डॉज (वार चुकवायचा पवित्रा).

टोळीप्रमुख:
तुम्ही दोघं इनिशिएटिव्हवर भांडताय, पण खरा घोळ त्याआधीच झालेला असतो. स्टेल्थ किती जणांनी टाकायचा?

२०१४ च्या पद्धतीत लपणाऱ्यांचा स्टेल्थ समोरच्या प्रत्येकाच्या पॅसिव्ह परसेप्शनशी (फासा न टाकता धरलेला चाहूल लागण्याचा आकडा) ताडून बघतात, आणि एक जरी शत्रू दिसला तरी तो बघणारा बेसावध राहत नाही. आता चार गॉब्लिन, स्टेल्थ +६. समोर क्लेरिक, पॅसिव्ह परसेप्शन १४. बरोबरी लपणाऱ्याच्या पदरात टाकली, तर एका गॉब्लिनला ८ किंवा जास्त हवेत: ६५ टक्के.

चौघांचे वेगवेगळे फासे टाकले तर चौघंही न दिसण्याची शक्यता १८ टक्के. डीएमने सगळ्यांसाठी एकच फासा टाकला तर ६५. ग्रुप चेक केला, म्हणजे निम्मे यशस्वी झाले की सगळे यशस्वी, तर ८७! तीच झाडी, तेच गॉब्लिन. डीएमच्या हातातल्या फाशांची संख्या बदलली की १८ चे ८७ होतात. सहा गॉब्लिन वेगवेगळे टाकले तर ८ टक्क्यांच्याही खाली.

म्हणून आधी ही पद्धत ठरवा, आणि तीच दोन्ही बाजूंना लावा. खेळाडूंकडून वेगवेगळे फासे आणि मॉन्स्टर्ससाठी एकच, हा सर्रास चालणारा अन्याय आहे. प्लेट (जड चिलखत) घातलेल्या पॅलाडिनचा डिसॲडव्हान्टेजवाला स्टेल्थ दर वेळी अख्ख्या टोळीला उघडं पाडतो, आणि मग "सरप्राइज कधी मिळतच नाही" अशी तक्रार येते.

आणखी एक विसरली जाणारी गोष्ट: अंधुक उजेडात नजरेवरच्या परसेप्शनला डिसॲडव्हान्टेज असतो, म्हणजे पॅसिव्हमधून ५ वजा. डार्कव्हिजनवाल्यालाही (अंधारात दिसणाऱ्यालाही) मिट्ट काळोख अंधुकच दिसतो, त्यामुळे त्याचेही ५ जातात. हा उणे ५ बहुतेक टेबलांवर कुणी मोजतच नाही.

सावलीतला:
ग्रुप चेकचा मुद्दा मान्य. पण त्याने माझंच म्हणणं बळकट होतं. एवढी चाळणी लावून जे यश मिळतं त्याचा मोबदला ठोस हवा. २०१४ च्या असॅसिनचं (रोग वर्गातल्या मारेकऱ्याचं) सगळं यावरच उभं आहे: बेसावध शत्रूला लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल (नुकसानीचे फासे दुप्पट). २०२४ च्या असॅसिनला बेसावध शत्रूवरचा तो क्रिटिकल नाही. पहिल्या राउंडमध्ये स्नीक अटॅक (रोगचा जादा नुकसानीचा वार) लागला तर रोगच्या लेव्हलइतकं जादा नुकसान, बस.

सहाबाजू:
तो क्रिटिकल तरी ठोस कुठे आहे? असॅसिनचा इनिशिएटिव्ह ९, सावजाचा १७. सतराला सावजाची रिकामी टर्न येऊन जाते आणि ते सावध होतं. नवाला असॅसिन वार करतो तेव्हा क्रिटिकल गेला, सावज आधी आल्यामुळे ॲडव्हान्टेज गेला, वर सावज जादूगार असेल तर शील्ड या बचावाच्या मंत्रासाठी रिॲक्शनही मोकळी. म्हणजे इनिशिएटिव्हचा जुगार तुमच्या लाडक्या नियमातही आहेच, फक्त तो लपलेला आहे.

टोळीप्रमुख:
+१. म्हणूनच कित्येक टेबलांवर २०१४ चा नियम चुकीचा खेळतात. आधीच्या ३.५ आवृत्तीत आणि पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत वेगळा सरप्राइज राउंड होता. त्यात सावध असलेलेच खेळायचे, आणि तेही एक स्टँडर्ड किंवा एक मूव्ह ॲक्शन, दोन्ही नाही. लोक तो राउंड पाचव्या आवृत्तीत आणतात, त्यात पूर्ण टर्न देतात, आणि वर पहिल्या राउंडमध्ये शत्रूची टर्नही खातात. दुहेरी शिक्षा.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीने हे सगळंच मोडीत काढलं. इनिशिएटिव्ह साधारणपणे परसेप्शनने टाकायचा, दबकत येणाऱ्याने स्टेल्थने. त्याच एका आकड्यावर क्रम ठरतो, आणि तोच समोरच्याच्या परसेप्शन डीसीशी (गाठायच्या आकड्याशी) ताडून तुम्ही लपलेले आहात की नाही तेही ठरतं. माझ्या मते सर्वात सुटसुटीत.

कोरा कागद:
बोलणी चालू असताना मध्येच एखादा खेळाडू म्हणतो, "मी वार केला". हा वार इनिशिएटिव्हच्या आधी मोजायचा का?

सहाबाजू:
नाही. "वार केला" नव्हे, "वार करायला जातो" असं धरा, आणि लगेच सगळ्यांनी इनिशिएटिव्ह टाका. फुकट वार एकदा दिलात की पुढची प्रत्येक बोलणी त्या शर्यतीवर संपतात. "आम्ही आधीपासूनच रेडी होतो" हेही चालवून घेऊ नका. रेडी ही लढाईतली ॲक्शन आहे, इनिशिएटिव्हआधी ती घेता येत नाही. समोरचा खरोखर गाफील असेल तर त्याला डिसॲडव्हान्टेज, बाकी काही नाही.

सावलीतला:
मग खिशातली कट्यार बाहेर यायच्या आत खोलीतले सहा जण त्याच्यावर तुटून पडतात, कारण त्यांचे आकडे मोठे. कुणी पाहिलं होतं काय होणार ते? निदान डिसेप्शन (फसवण्याचा फासा) विरुद्ध प्रत्येकाचा इनसाइट (हेतू ओळखण्याचा फासा) तरी बघा, आणि जे हरले ते २०१४ च्या नियमाने बेसावध.

टोळीप्रमुख:
इनसाइटचा ताळा बघा, पण हरणाऱ्याची टर्न खाऊ नका. त्याचा इनिशिएटिव्ह डिसॲडव्हान्टेजने, आणि मोठ्या आकड्यावर आधी आलेल्याला सांगा: त्याचा हात खिशाकडे जाताना दिसतोय, खिशात काय आहे ते दिसत नाही. आता काय करणार? काही जण तरीही तुटून पडतील. पडू द्या, कट्यार अजून खिशातच आहे आणि पहिला वार त्यांनी केलाय.