मदत हवी आहे: शाळेच्या बाजारासाठी केलेल्या साबणांना घाम फुटतोय, हिशोबही जुळेना

मंडळी, लेकीच्या शाळेत मुलांनी स्वतः केलेल्या वस्तूंचा बाजार भरणार आहे. ती आणि तिची मैत्रीण मिळून साबण करताहेत. तयार ग्लिसरीन बेस वितळवायचा, रंग-वास घालायचा आणि साच्यात ओतायचा, तोच प्रकार. (कॉस्टिक सोड्यापासून करू म्हणत होत्या. चक्क नाही म्हटलं.)

साबण दिसतात सुरेख, पण रात्रीतून वर बारीक थेंब साचतात. उचलायला गेलं की बोटांचे ठसे उमटतात. हौसेने रंगवलेला कागद गुंडाळला होता, तो तर चिकटूनच बसला. लवकर घट्ट व्हावेत म्हणून साचे फ्रीजमध्ये ठेवतो, त्याने काही होत असेल का?

दुसरं दुखणं किमतीचं. बेस, रंग आणि सुगंध यांचा खर्च साबणांच्या संख्येने भागला, इथवर ठीक. पण साचे पुढेही वापरता येणार, मग त्यांचा सगळा खर्च याच बाजारावर टाकायचा का? सामान आमच्या पैशांतून आलं, ओतण्याचं आणि सजावटीचं काम मैत्रिणीने जास्त केलं. नफा निम्मा-निम्मा म्हटलं की दोघींचे चेहरे पडतात. मी निकाल द्यायचा नाही असं ठरवलंय, पण त्यांना विचार करायला काहीतरी धागा हवा.

आणि हो, आमच्या आईने 'उरले तर सगळे मी घेईन' असं आधीच जाहीर केलंय. तिला कसं थोपवू?

प्रतिसाद १
फ्रीज आधी बंद करा. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यात गार साबण दमट हवेत आला की आणखी पाणी धरतो. खोलीतच घट्ट होऊ द्या, साच्यातून काढल्या काढल्या टिपून पातळ प्लास्टिक फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा. कागद त्यावरून. आधीचे ओले झालेत ते पुसून पंख्याखाली ठेवा, मग गुंडाळा. सुगंध त्वचेला चालणाराच घ्या, मेणबत्तीचा नको, आणि एक किलो बेसला १० ते ३० ग्रॅमच्या आतच ठेवा. बाटलीवर कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. काय काय घातलंय ते चिठ्ठीवर लिहायला लावा, अॅलर्जी असणारे विचारतातच. वितळवणं मात्र मोठ्यांनी, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून.

प्रतिसाद २
साच्यांचा खर्च ज्याने केला, साचे त्याचेच. या बाजारावर त्यातला थोडाच भाग टाका, भाडं समजा. मग विक्रीतून आधी सामानाचे पैसे तुम्हाला परत (हे टाळू नका, नाहीतर पोरांना सगळी विक्रीच नफा वाटते), आणि उरलेले वाटताना प्रत्येकीने किती वेळ काम केलं ते त्यांनीच लिहून काढावं. लिहायला बसल्यावर निम्मं भांडण मिटतं, असा अनुभव आहे.
आजींना बाजार संपेपर्यंत गिऱ्हाईक होऊ देऊ नका. नाहीतर साबण विकला गेला की नातीचा लाड झाला, हे पोरींना कळणारच नाही. त्यांना सुट्टे पैसे सांभाळायला बसवा, तिथे मोठं माणूस लागतंच.

धागाकर्ती
फ्रीज बंद केला. आईला गल्ल्यावर बसवायची कल्पना पोरींना भयंकर आवडलीय, तिला अजून सांगितलेलं नाही. पंख्याखाली साधारण किती वेळ ठेवू?